बेंदराला धुतलेली जीप

मी जीप बोलतेय. हसू नका. गोठ्यात दोन बैलांच्या शेजारी उभी असले तरी मी जीपच आहे. हा पांढरा बैल माझा शेजारी, नातेवाईक नव्हे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण माझ्या मालकाचा याच बाबतीत पहिल्यापासून घोटाळा आहे.

माझी उमेदीची सगळी वर्षं फौजेत गेली. डोंगर, नद्या, चिखल, सगळं तुडवलं. एकाहत्तरची लढाई झाली, मी म्हातारी ठरले आणि पुण्याकडच्या लिलावात मला आकारामने घेतलं. तोही फौजेतून नुकताच परतलेला. मी म्हटलं, चला, जाणकाराच्या हातात पडले. मग कळलं, हा गडी इतकी वर्षं खेचरांच्या पलटणीत होता. गाडीला त्याचा हात लागला असेल तर तो ढकलताना.

रहिमतपूरजवळच्या त्याच्या गावी मी ट्रकच्या मागे दोराने बांधून आले. आकारामने माझं बॉनेट मायेने थोपटलं. "बिचारीनं लय सोसलंय." त्याची बायको चंद्राबाई दारातूनच म्हणाली, "आवं, वैरण खात न्हाई तेवडं तरी बरं हाय."

आठवड्यात मी खोकायला लागले. आकारामने कान लावून निदान केलं, "पोटात वारं धरलंय," आणि खेचराला पाजतात तसं शेंगतेल माझ्या इंजिनात ओतलं. मी धूर सोडला तसा अख्ख्या आळीत भज्यांचा वास सुटला. शेजारच्या रंगूबाई तर ताटली घेऊनच आल्या.

शेवटी रहिमतपूरहून इलाही मिस्त्री आला. तो विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचा. मला उघडून त्याने कपाळावर हात मारला. "आकारामदादा, ह्ये इंजान हाय, कढई न्हवं! गाडी बंद पडली की दोनच गोष्टी बघायच्या. पेट्रोल येतंय का आन् ठिणगी पडतीय का. बाकी कायबी उघडायचं न्हाई."

आकारामने मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी माझा गिअरबॉक्स उघडला. सगळं जोडून झाल्यावर घमेल्यात मूठभर नग उरले. "फौजेत जास्तीचं सामान देत्यातच," असं म्हणून त्याने घमेलं माळ्यावर टाकलं. तेव्हापासून माझे पुढचे गिअर लागले तर लागतात, नाहीतर नुसते करकरतात. उलटा मात्र हात लावायचा अवकाश, पडलाच.

मग सुधारणा सुरू झाल्या. फाटक्या टपाऐवजी माझ्या पाठीवर बाभळीच्या लाकडांचा उंच मांडव उभा राहिला, उसाच्या मोळ्या रचायला. बॅटरी मरायला टेकली होती, म्हणून रोज सकाळी बैल जुंपून मला ओढायचं आणि चालू करायचं. हाताने फिरवायचं हँडल होतं, पण चंद्राबाईला त्याचं वाकडं टोक आवडलं. तिने ते अंगणात ठोकून त्याला शेळी बांधली.

चंद्राबाईचा धाकटा भाऊ भाऊसो हे सगळं बघत होता. त्याला बैलगाडीला रबरी चाकं बसवायची होती, आणि चाकं अॅक्सलसकट माझ्या अंगाखाली तयार होती. "दाजी, ही चालायची न्हाई. तोडू या," असं तो येता-जाता म्हणायचा. एकदा चंद्राबाईही वैतागली. रोज बैल जुंपून बैलांचे खांदे सोलले होते. ती म्हणाली, "बेंदराच्या मिरवणुकीत ही आपल्या चाकानं घरापास्नं वेशीपतोर गेली, तर ऱ्हाऊ द्या. न्हाईतर भाऊसो घिऊन जाईल."

ते ऐकून माझ्या टाकीतलं पेट्रोल गार पडलं. फौजेत मेले असते तर सलामी मिळाली असती. आता मरून बैलगाडीला चाकं पुरवायची!

बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा, उजाडला. बैलांना ओढ्यावर नेऊन घासून धुतलं. आकाराम मला तरी कसा विसरेल? त्याने बॉनेट उघडलं आणि बादल्यांवर बादल्या ओतून माझं काळीज धुऊन काढलं. वर बैलांच्या शिंगांना लावतात तसा लाल हिंगूळ माझ्या दिव्यांना लावला.

दुपारी मला चालू करायची वेळ आली तर मी ढिम्म. आणि बेंदराच्या दिवशी बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे आकारामला तेव्हा आठवलं.

पुरणपोळीला आलेला भाऊसो पाना खिशात घालूनच आला होता. "दाजी, ठरलं हुतं न्हवं?" म्हणत त्याने माझ्या चाकाला लाथ हाणली.

चंद्राबाई लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. "बेंदराच्या दिवशी दारातल्या जनावराला लाथ मारतूस व्हय रं? लाज न्हाई वाटत?"

जनावर! एरवी मी रागावले असते. त्या क्षणी मात्र मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

आकारामला इलाहीचं बोलणं आठवलं. पेट्रोल येत होतं. ठिणगी पडत नव्हती. त्याने ठिणगी वाटणाऱ्या डबीचं काळं झाकण काढलं तर आत पाणी! चंद्राबाईने झाकण हिसकावलं आणि चुलीच्या वैलावर, पुरणाच्या पातेल्याशेजारी शेकायला ठेवलं. आकारामने बाकीचं पटक्याने पुसलं. मग तिने शेळी सोडली, हँडल उपटलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. "फिरवा."

त्याने फिरवलं. मी शिंकले, खोकले आणि धडधडायला लागले. अंगाला पुरणाचा वास येत होता.

पण पुढचा गिअर काही पडेना. आकाराम घामाघूम झाला. शेवटी "जय भवानी" म्हणून त्याने उलटा टाकला, मान मागे वळवली आणि मी पाठ पुढे करून मिरवणुकीत घुसले.

वेशीत पिंपळपानांचा गवती दोर आडवा बांधतात. त्याला कर म्हणतात. ज्याचा बैल तो आधी तोडील, त्याचा मान. लालासाहेब पाटलांचा खोंड उडी मारायच्या बेतात होता. माझ्या ब्रेकचं काम बेंदरानंतर करायचं ठरलं होतं, त्यामुळे मी काही थांबले नाही. पाठीवरच्या मांडवात दोर अडकला आणि कर तुटला!

मग पाटीलच पोट धरून हसायला लागले. "आकाराम, मान तुज्या जीपचा रं!"

"आक्का, पर ही उलटी चालली," भाऊसो कळवळला.

"चालली न्हवं?" चंद्राबाई म्हणाली. "तोंड कुणीकडं करून, ते कुटं ठरलं हुतं?"

तेव्हापासून बेंदराला बैलांच्या नैवेद्याबरोबर एक पोळी माझ्या बॉनेटवरही असते. ती नंतर शेळी खाते, पण मान माझा.

आता इलाही मिस्त्रीने माळ्यावरचं घमेलं खाली काढलंय. माझे पुढचे गिअर नीट करणार म्हणे. करा बापडे. पण एक मागणं आहे. बेंदराच्या दिवशी मला उलटंच चालू द्या. त्या दिवशी मी सरळ गेले असते तर मला नुसती वेस दिसली असती. उलटी गेले म्हणून माझ्या दिव्यांसमोर सारा वेळ चंद्राबाई होती. बैलांचे कासरे धरून ती माझ्यामागून येत होती, पदरात तोंड धरून हसत होती आणि त्याच पदराने डोळे पुसत होती.