तेवीस मिनिटांचा राग

गिरिधरनं घोट तोंडात घोळवला, बादलीत थुंकला आणि ग्लास टेबलावर असा आपटला की शरण्याच्या काचेच्या नळ्या किणकिणल्या.

"हीसुद्धा नाही. पाचवी."

शरण्यानं मिठाच्या पाण्याचा लोटा पुढे केला. लॅबमधली ही पोरगी तंजावरची, हुशार, आणि गिरिधरच्या गुळण्यांची तिला सवय झालेली. तमिळ मुलखातल्या गुम्मिडिपूंडीच्या या छोट्या ब्रुअरीत तो एकोणीस वर्षं बियर बनवत होता आणि एकोणीस वर्षांत त्यानं एक थेंब गिळला नव्हता. बाहेरचे लोक हसायचे. कडूपणा घशाच्या मागं कळतो, थुंकून काय कळणार, म्हणायचे. पण नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली होती, "कर बाबा, पोटाचा प्रश्न आहे. पण गिळू नकोस." आई गेली. अट राहिली.

दार ढकलून रणवीर आत आला. मालक, वय एकोणतीस, दोन्ही हातांत फोन.

"राव, शोळिंगनल्लूरच्या बारनं काल दारावर बोर्ड लावला. 'शांतम् संपली.' लोक त्या बोर्डाशेजारी उभं राहून सेल्फी काढतायत!"

"काढू देत."

"काढू देत काय! तीन बाटल्या पिऊन माणूस पुन्हा चारच्या मीटिंगला बसतो. सगळ्या आयटीला तेच हवंय. कडू हवी, पण चढायला नको. आणि तुम्ही मला पाच वेळा साधी बियर करून देताय. बनवलीत ना एकदा? मग तीच करा!"

"बनवली नव्हती," गिरिधर ओरडला. "बिघडली होती!"

हे खरं होतं. चार महिन्यांपूर्वीची ती टाकी बिघडलेलीच होती. दारू पाच टक्क्यांच्या जागी पावणेतीनच उतरली आणि हॉप्सची कडू फुलं दुप्पट पडली. कडूजहर. फेकायचं रणवीरच्या जिवावर आलं, म्हणून त्यानं एक नाव शोधलं, लेबलावर पद्मासनात डोळे मिटून बसलेली बाई काढून घेतली आणि माल खपवला. दोन महिन्यांत लोक वेडे झाले.

आता तीच चूक पुन्हा करायची होती, आणि ती नक्की काय होती ते कोणालाच माहीत नव्हतं. लॉगबुकात सगळं बरोबर होतं. कारण गिरिधर लॉगबुक सकाळीच भरून ठेवायचा. तापमान सहासष्ट, वेळ साठ मिनिटं, सही. रोज तेच असतं, तर लिहायला संध्याकाळची वाट कशाला बघायची?

"सोमवारी बेंगळुरूचा कन्सल्टंट येतोय," रणवीर म्हणाला. "त्याला जमलं तर राव, मग तुमची जागा..." पुढचं त्यानं फोनकडे बघत गिळलं. त्याला गिळायची बंदी नव्हती.

शरण्यानं घसा साफ केला. "सर, हॉप्सचा हिशोब लागलाय. गोण्यांत नऊ किलो कमी आहेत, म्हणजे दोनदा पडले. प्रश्न फक्त वाफेचा. माल्टची पेज त्या दिवशी किती तापली, किती वेळ तापली. जास्त तापली की दारू कमी उतरते."

"मला काय माहीत? मी फोनवर होतो."

"कोणाशी?"

गिरिधरनं खिशातून फोन काढला, बोटानं खूप मागं सरकवला आणि तिच्या हातात दिला. मंगळवार, सकाळी अकरा दहा. अप्पाजी. तेवीस मिनिटं.

त्या सकाळी तमिळ पेपरात टाकीशेजारी ग्लास धरून उभ्या असलेल्या गिरिधरचा फोटो आला होता. तांबरमच्या कॉलनीत त्याच्या वडिलांनी, निवृत्त हेडमास्तर अप्पाजींनी, मुलगा बिस्किट कंपनीत आहे असं एकोणीस वर्षं सांगितलेलं. तेवीस मिनिटं अप्पाजी बोलले आणि शेवटी म्हणाले, "त्या हातांनीं माझ्या बायकोच्या पिंडाला शिवायचं नाहीं. यंदा श्राद्ध कौशिक करेल." कौशिक म्हणजे अप्पाजींचा पुतण्या. शोळिंगनल्लूरला आयटी कंपनीत, कपाळावर गंध, शनिवारी उपास. गिरिधरनं तेव्हा वाफेचा व्हॉल्व उघडला होता, एवढं त्याला आठवत होतं. बंद कधी केला, ते नाही.

गिरिधरनं हे तुटक तुटक सांगितलं. रणवीरनं फोन बघितला. त्याचा चेहरा उजळला.

"मग लावा परत."

"काय?"

"फोन. त्यांना परत चिडवा. तुम्ही चिडा. हात व्हॉल्ववर ठेवा. शरण्या आकडे लिहील."

"तुमचं डोकं फिरलंय का?"

"हां, हाच आवाज पाहिजे! असाच ठेवा!"

दहा मिनिटांत मोड आणलेल्या जवाची टाकीभर पेज तयार होती. शरण्या तापमानाच्या काट्यासमोर वही घेऊन उभी राहिली. रणवीरनं फोन स्पीकरवर टाकून गोणीवर ठेवला. गिरिधरनं व्हॉल्वचं चाक धरलं. परवा शनिवारी आईची तिथी, आणि आपण तिच्या नवऱ्याला मुद्दाम चिडवायला फोन लावतोय, हे त्याला कळत होतं. त्यानं दात आवळले.

घंटी चार वेळा वाजली.

"कोण? गिरी? जेवलास काय रे?"

रणवीरनं कपाळावर हात मारला.

"जेवलो," गिरिधर मोठ्यानं म्हणाला. "परवा कौशिक येतोय ना पिंड द्यायला? सोवळा, पवित्र कौशिक?"

"त्याचं नांव काढूं नकोस!"

रणवीरनं अंगठा वर केला. शरण्यानं पेन टेकवलं.

"का? काय झालं?"

"काल तिथी सांगायला गेलों त्याच्या घरीं. तो ऑफिसांत. बायको म्हणाली बसा. ऊन इतकें! फ्रिज उघडला, ताक पाहूं म्हणून. तर बाटल्या. तपकिरी. वरी एक योगिनी, डोळे मिटून बसलेली. नांव शांतम्."

गिरिधरचा हात चाकावर तसाच राहिला.

"मला वाटलें कषाय आहे. पोटाचा काढा. कडू तर कषायासारखेंच की! प्यालों."

"किती?"

"एक."

वाफेची नळी तेवढी खुसखुसत होती.

"मग बरें वाटलें," अप्पाजींचा आवाज खाली आला. "झोंप आली. तीन महिने झोंप नव्हती मला. उठलों आणि अजून एक प्यालों. ती अर्धी झाल्यावर चष्मा घातला आणि मागचीं बारीक अक्षरें वाचलीं."

शरण्यानं वहीनं तोंड झाकलं.

"कौशिक आला. म्हणाला, पेरियप्पा, ही चालते, ही हलकी आहे, आम्ही सगळेच पितों. सगळेच! त्याची बायको पिते. त्याचा सासरा पितो. आणि आतां मीही! चाळीस वर्षें वर्गांत शिकविलें मी, दारूला शिवूं नका म्हणून!" आवाज पुन्हा चढला. "कोण रे तो गाढव, ज्यानें दारूच्या बाटलीवर योगिनी काढली? राक्षस काढावा! शिंगें काढावीं! म्हाताऱ्या माणसाला कळायला नको?"

रणवीरनं मान खाली घातली. कान लाल झाले.

"अप्पाजी," गिरिधर म्हणाला, "फोन कशाला केला होता ते..."

"तूं पितोस?"

"नाही."

"थेंबही नाहीं?"

"थुंकतो. आईला सांगितलं होतं."

पलीकडून खाकरल्याचा आवाज.

"म्हणजे अख्ख्या घरांत ती न प्यालेला तूंच एक उरलास. शनिवारीं आठ वाजतां ये. उपाशी ये. हात नीट धू."

फोन बंद झाला. गिरिधरनं काट्याकडे बघितलं. सहासष्ट. चाक हळूच फिरवून त्यानं वाफ बंद केली. इतकं हळू, की शरण्याला नंतरही आठवलं.

"बंद काय करताय!" रणवीर फुटला. "चार मिनिटं झालीत फक्त! भांडा ना! तुम्हाला राग येत नाही? पिंडाला शिवू नकोस म्हणाले होते ते!"

"आता येत नाही."

"येत नाही म्हणजे? मला गाढव म्हणाले ते! सगळ्यांसमोर! दीड लाख दिले मी ते लेबल काढणाऱ्या पोरीला, आणि म्हणे शिंगं काढा!" त्यानं गिरिधरला बाजूला ढकललं, दोन्ही हातांनी चाक धरलं आणि गरागरा उघडलं. "कन्सल्टंट! बार! सेल्फी! सगळ्यांना शांतम् पाहिजे, आणि मला? मला कोण विचारतंय? लोनचे हप्ते मी भरतो! आणि हे मिठाच्या पाण्यानं गुळण्या करतात!"

तो बोलत राहिला. गोणीला लाथ मारली, पायाचा अंगठा दुखावला, मग एका पायावर उभा राहून बोलला. शरण्या काट्याकडे बघत लिहीत होती. एकोणसत्तर. बाहत्तर. पंचाहत्तर. अठ्ठ्याहत्तर. रणवीरचा आवाज बसला तेव्हा तिनं घड्याळ बघितलं.

"एकवीस मिनिटं, सर."

गिरिधरनं पळीभर पेज काढली, फुंकली, जिभेवर घेतली. डोळे मिटले. पद्मासन तेवढं नव्हतं. मग बादलीत थुंकला.

"हीच," तो म्हणाला. "त्या दिवशीची."

रणवीर गोणीवर बसून अंगठा चोळत होता.

"सर," शरण्या म्हणाली, "आकडे सगळे आहेत आता. पुढच्या वेळी कोणाला चिडवायला नको."

"मला शनिवारी सुट्टी पाहिजे," गिरिधर रणवीरला म्हणाला.

शनिवारी पहाटे त्यानं साबणानं हात धुतले. मग चिंचेनं, मग राखेनं. हॉप्सचा चीक एकोणीस वर्षांचा होता. नखांच्या कडेला कडवट, हिरवा वास तसाच राहिला. भटजींनी सांगितलं तसं त्यानं भाताचे गोळे वळले, तीळ लावले. अप्पाजी शेजारी बसून प्रत्येक मंत्राला त्याचा उच्चार दुरुस्त करत होते, रागानंच.

पिंडाचं पान घेऊन दोघं गच्चीवर गेले. अप्पाजींनी का का करून हाक मारायला तोंड उघडलं, तोच पाण्याच्या टाकीवरून एक कावळा आला, पिंडाला चोच मारली आणि उडाला.

"एवढ्या लौकर?" अप्पाजींनी संशयानं विचारलं. "काय लावलेंस रे त्याला?"

"काही नाही. हातच."

अप्पाजींनी त्याचा हात ओढून घेतला आणि नाकाशी धरला. सोडला नाही.

कावळा दुसऱ्यांदा आला, तेव्हा मात्र हात तसाच धरून त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.