वाघर लिनक्सवर

कुरुंद्याच्या शाळेतून मनकर्णा मॅडमचा फोन आला तेव्हा मोहिनी पोले दारातच लॅपटॉप घेऊन बसली होती.

"मोहिनी, शाळेला बारा कम्प्युटर मिळाले. जुनेच हायेत, पण बारा! तुझा गेम टाकला तर उघडन ना? ह्यांच्यावर लिनक्स हाय म्हणं. दुकानवाला म्हणतो, सगळं पुसून विंडोज टाकून देतो."

"पुसू देऊ नका, मॅडम. त्या मशिनी विंडोजच्या ओझ्यानं रडतील. मशिनी हायेत तशाच राहू द्या, मी गेम बदलते."

"सोमवारी केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक येऊन राहिलेत. त्यांनापण दाखवायचाय."

"सोमवार म्हणजे पाच दिवस. बराबर होते."

गेमचं नाव 'वाघर'. मेंढरं मुक्कामाला कोंडायचं जाळ्याचं कुंपण म्हणजे वाघर. दिवस मावळायच्या आत, लांडग्याला चुकवून, हाका मारत सगळा कळप त्या जाळ्यात आणायचा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मोहिनीनं तो विंडोजवर बनवला होता आणि हाका खऱ्या होत्या, तिच्या वडिलांच्या. ज्ञानबांनी सारी हयात मेंढरांमागं काढली होती.

तिनं त्याच दिवशी काम धरलं. खिडकी उघडणं, आवाज वाजवणं, कीबोर्डच्या कळा ओळखणं ही कामं गेम विंडोजकडून करून घेत होता. त्या ओळी काढून तिनं दोन्हीकडं चालेल असं नवं लिहिलं. शुक्रवारी दुपारी तिच्या लिनक्सच्या लॅपटॉपवर गेम उघडला. ज्ञानबा शेजारी येऊन टेकले.

हिरवं रान दिसलं. वाघर दिसली. लांडगाही आला. मेंढरू मात्र एकही नाही.

"मेंढरं कुठं गेली, बाई?" ज्ञानबांनी विचारलं.

मोहिनीनं हाकेची कळ दाबली. आवाजही येईना. तिनं फायलींची यादी उघडली, कोडशी ताडून पाहिली आणि एकदम हसली.

"काहून हसून राहिली? लांडगा रिकाम्या रानात हिंडून राहिला."

"आबा, मेंढरांच्या अन् हाकांच्या फायलींची इंग्रजी नावं मी मोठ्या अक्षरानं सुरू केलती, अन् कोडमधी लिहिली बारक्या अक्षरानं. विंडोज दोन्हीला एकच समजतं. लिनक्स न्हाई समजत, त्याला ही दोन वेगळी माणसं वाटतात."

"मंग बराबर हाय की त्याचं," ज्ञानबा म्हणाले. "नाव नीट घेतलं न्हाई तर कुत्रं बी येत न्हाई."

दोनशे चौदा फायलींची नावं तिनं एका छोट्या प्रोग्रामनं सरसकट बारक्या अक्षरांत करून टाकली. पुन्हा गेम उघडला. रान मेंढरांनी भरलं आणि लॅपटॉपमधून ज्ञानबांची हाक घुमली. बाहेर बांधलेलं कोकरू ओरडलं.

शनिवारी पेनड्राइव्ह घेऊन ती शाळेत गेली. पहिल्या मशिनीवर गेम उघडलाच नाही. दुसऱ्यावरही तेच. काळ्या खिडकीत फक्त एक ओळ आली: गेमला लागणाऱ्या तयार कोडची, म्हणजे लायब्ररीची, हवी ती आवृत्ती सापडत नाही.

मनकर्णा मॅडमचा चेहरा उतरला. "दुकानवाल्याला बलावू का?"

"कशाला? काही बिघडलं न्हाई. माझा लॅपटॉप नवा, ह्या मशिनी आठ वर्षं जुन्या. नव्यावर तयार केलेलं जुन्यावर चालत न्हाई, पण जुन्यावर केलेलं नव्यावर चालतं. तुमची सगळ्यात म्हातारी मशीन कोणती?"

मॅडमनी खिडकीजवळची दाखवली. मोहिनीनं तिथंच बैठक मारली. लागणारी साधनं मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उतरवली, कोड त्या मशिनीवर ठेवला आणि गेम तिथंच नव्यानं तयार करायला घेतला. तिच्या लॅपटॉपवर चार मिनिटांत होणाऱ्या कामाला त्या मशिनीनं दीड तास घेतला. तेवढ्या वेळात मॅडमचे चार फेरे झाले. मोहिनी मात्र निवांत शेंगा फोडत बसली होती. काम संपलं. गेम उघडला, आवाजासकट. मग एकेक करत बाराही मशिनींवर उघडला आणि शेवटी तिच्या लॅपटॉपवरही.

सगळा गेम तिनं एकाच फायलीत बांधला. फाइल घ्यायची, उघडायची, खेळायचं. दुसरं काही टाकायची गरज नाही. तीच फाइल, सगळ्या कोडसकट, तिनं आपल्या वेबसाइटवरही ठेवली.

सोमवारी शिक्षक आले. आधी पोरांना खेळताना पाहून हसले, मग स्वतःच खुर्च्यांवर बसले. एका सरांची सगळी मेंढरं लांडग्यानं नेली आणि ते हट्टानं परत बसले. जाताना चौदा शाळांचे पेनड्राइव्ह भरून गेले.

आठवड्यानं डोंगरकडा गावच्या शाळेतल्या एका बाईंचा फोन आला. "गेम झकास चालून राहिला. पण आमच्या लेकरांच्या घरी शेळ्या हायेत. शेळ्या टाकता येतील का?"

"टाकते की," मोहिनी म्हणाली, "पण चित्र बदलून भागणार न्हाई. शेळी मेंढरासारखी कळपामागं जात न्हाई. तिचं वागणं वेगळं लिहावं लागन. पंधरा दिवस द्या."

फोन ठेवून तिनं वही ओढली आणि आत हाक मारली, "आबा, शेळी बिथरली की आधी कुणीकडं पळते?"