देव्हाऱ्यातला नीलम

बेल्ह्याच्या बाजारात त्या दिवशी बैलांना कुणी विचारत नव्हतं. दलाल दावणीला जनावरं सोडून गेले होते, टेम्पोवाले टेम्पो सोडून, आणि भाजीवाल्या बायकांनी पाट्यांवर गोणपाटं टाकली होती. सगळा बाजार मैदानाच्या कडेला उभारलेल्या मांडवात शिरला होता. तिथे नीलांजन महाराज बसले होते. कफनी निळी, गादी निळी, मागचा पडदा निळा. हातातला चहाचा कप तेवढा पांढरा राहिला होता.

"नीलम बोलता है, माताजी," महाराज माइकमधून सांगत होते. "हा साधा खडा समजू नका. शनिमहाराजांचा सीसीटीव्ही आहे हा. तुमच्या घरात कोण कसं वागतं, सगळं रेकॉर्डिंग वर जातं. आणि जुना नीलम तर एकदम पावरफुल. पिढ्यान्‌पिढ्यांचं रेकॉर्डिंग."

माणसं माना डोलवत होती. मांडवाच्या बांबूला टेकून उभ्या असलेल्या शीलाची मान तेवढी हलली नाही. ती जुन्नरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची आणि फुकटात मिळणाऱ्या कुठल्याही गोष्टीकडे आधी संशयानेच बघायची. त्यातून आज पुढच्या रांगेत तिची आईच बसली होती.

भिमाबाई उठल्या. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि अंगठी महाराजांपुढे धरली. मागच्या एका बाजाराला महाराजांनी हीच अंगठी उलटीपालटी करून बघितली होती, डोळ्यांना लावली होती आणि हुकूम दिला होता: हिला देव्हाऱ्यात ठेवा, देवांचं करता ते सगळं हिचं करा. खडा चमकत राहिला तर घरावर शनीची कृपा. काळवंडला, तर त्याला न चालणारं माणूस घरात आहे.

खडा काळवंडला होता. कंदिलाची काच काजळावी तसा. मांडवात कुजबूज उठली आणि मागचे लोक टाचा उंचावून बघू लागले.

"त्या दिवसानंतर मी हात लावला का हिला, माताजी? खरं सांगा."

"न्हाई महाराज. माझ्या देव्हाऱ्यातनं कुठंच हलली न्हाई."

महाराजांनी डोळे मिटले. "घरात बाहेरून कोण आलंय?"

आता लग्न झालेला मुलगा ज्या घरात आहे, तिथे बाहेरून कोण आलेलं असणार? पण भिमाबाईंना हा साक्षात्कारच वाटला. "सून," त्या हळूच म्हणाल्या.

"साडेसाती संपेपर्यंत तिची सावली उंबऱ्यात नको. आणि पुढच्या बाजाराला ही अंगठी आणा, नदीत विसर्जन करू. शनी एकटा जात नाही, सोबतीला घरातला आणखी एक जुना दागिना लागेल. मग माझ्याकडचा जागृत नीलम बोटात घाला, तो कधी काळा पडत नाही."

 भाऊ संपतने शीलाला फोन करून बोलावून घेतलं होतं ते यासाठीच. "ताई, आई आरतीला माहेरी लोणीला धाडती म्हणतीय, कायमची. तू ये," एवढंच तो बोलला होता. आईसमोर तर त्याच्या तोंडातून तेवढंही फुटत नसे. उन्हाळ्यात तो मोटरसायकलवरून पडून पाय मोडून बसला, पाठोपाठ दारातली मेंढरं रोगाने गेली, तेव्हापासून भिमाबाई कारण शोधत होत्या. आता ते कारण सापडलं होतं आणि ते त्यांच्याच स्वयंपाकघरात भाकरी थापत होतं.

अंगठी आरतीच्या आजीची, बयाबाईची. जुन्नरच्या एका व्यापाऱ्याच्या घरी बयाबाईने उभी हयात स्वयंपाक केला आणि त्या घरच्या मालकिणीने निरोपाच्या वेळी स्वतःच्या बोटातली काढून तिला दिली. लग्नात बायका आरतीचं बोट धरून धरून खडा बघत होत्या. समईच्या उजेडात तो आतून पेटल्यासारखा दिसायचा. नव्या दुकानातल्या खड्यांना ती झळाळी नाही, असं खुद्द भिमाबाई चारचौघींत कौतुकाने सांगायच्या.

घरी आल्यावर आरती लोखंडी पेटीत साड्या भरताना दिसली. पुढचा बाजार झाला की तिचा भाऊ न्यायला येणार होता.

"त्या बाबाने अंगठी बदलली असणार," शीला म्हणाली.

"न्हाई ताई. कड्याला हा चरा हाय ना, आजी विळीवर कापली तवाचा. अंगठी तीच हाय."

 मग शीलाला दुसरी शंका आली. ती विचारायला तिला बरं वाटत नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं. "आरती, राग मानू नकोस. खडा मुळात काचेचा असेल तर?"

"आसंल की. आमी कुठं तपासला?" आरतीने हातातली साडी खाली ठेवली. "पण काच तरी काळी पडती का?"

 बरोबर होतं तिचं. काच काळी पडत नाही, आणि नीलम तर मुळीच नाही. मग काळं झालं होतं ते खड्याव्यतिरिक्त दुसरंच काहीतरी.

सकाळी भिमाबाई देवांना अंघोळ घालायला बसल्या. ताम्हणात खंडोबाचा आणि भैरवनाथाचा चांदीचा टाक ठेवला, आणि त्यांच्या शेजारी अंगठी. देवांचं ते सगळं हिचं. आधी चिंचेने घासलं, मग दूध घातलं, मग पाणी. भिमाबाईंनी देव पुसले, अंगठीही तितक्याच मायेने पुसली आणि फडक्यावर ठेवली. शीला उंबऱ्यात बसून बघत होती. पुसलेल्या अंगठीच्या कोंदणातून हळूच एक थेंब पाझरला आणि फडक्यावर राखाडी डाग पडला.

आई उठून गेल्यावर तिने अंगठी उलटी केली. पाठ सोन्याच्या पत्र्याने बंद होती. पुढून नीट बघितलं तर काळेपणा खड्यावर नव्हता, खड्याच्या खाली होता, आणि कडेने आत सरकत गेला होता. हे तिने रोज बघितलं होतं, जुन्नरच्या घरी न्हाणीतल्या आरशात. आरशाच्या मागे पाणी शिरलं की कोपरे असेच काळे पडतात.

तिने आरतीला मोरीपाशी गाठून सगळं सांगितलं. "पण हे दाखवायचं तर पाठ फोडावी लागेल. मोडेलही कदाचित. आजीची आहे, तू नाही म्हणालीस तर मी हात लावणार नाही."

"फोडा," आरती म्हणाली. "अंगठी ऱ्हाईली अन्‌ मी गेली, तर कुणाला दाखवायची ती?"

आईला घरात समजावून उपयोग नव्हता. गर्दीत बसलेली श्रद्धा गर्दीतच उठवावी लागणार होती. म्हणून शीला पुढच्या बाजारापर्यंत तोंड मिटून राहिली, आणि तिला ते फार जड गेलं.

बाजाराच्या दिवशी भिमाबाईंनी अंगठीसोबत स्वतःच्या आईची कानातली फुलंही घेतली. मांडव भरला होता. कितीजणींच्या हातात असेच काळे पडलेले दागिने होते. बोलता बोलता महाराज सीसीटीव्हीच्या गोष्टीवर आले आणि शीला उठून उभी राहिली.

"महाराज, एक विचारू? दागिना हातात आला की तुम्ही आधी तो उलटा का करता?"

"पाठ बघतो, बेटी. शनी पाठीवर बसतो."

"बरं. मग ज्यांचे खडे काळे पडले त्यांनी आपापले दागिने उलटे धरा. आणि महाराजांनी दिलेले जागृत नीलम ज्यांच्या बोटात आहेत त्यांनीही."

बायकांनी हात वर केले. काळ्या पडलेल्या सगळ्या दागिन्यांची पाठ बंद होती. जागृत नीलमांना पाठच नव्हती, खालून आरपार दिसत होतं. शीला आईकडे वळली. "अंगठी आरतीची आहे. तिला दे." भिमाबाई गोंधळल्या, पण सगळा मांडव बघत होता. त्यांनी दिली. बाजारात डागडुजी करायला बसणारे सोमाजी सोनार शीलाच्या सांगण्यावरून पुढे आले आणि आरतीने अंगठी त्यांच्या हातावर ठेवली.

"बेटी, शनीशी खेळू नकोस," महाराज म्हणाले. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता.

सोमाजींनी टोकदार हत्याराने पाठीचा पत्रा उचकटला. आंबलेल्या दुधाचा वास आला आणि त्यांनी नाक मुरडलं. खड्याखालून काळी पापडी सुटून त्यांच्या तळहातावर पडली. त्यांनी खडा धोतराच्या सोग्याला पुसला आणि आरतीला दिला. तिने तो उन्हात धरला. खड्यातून आलेला निळा उजेड तिच्या तळव्यावर पडला.

"ही पापडी म्हणजे चकचकीत पत्रा होता," शीला म्हणाली. "जुने कारागीर खड्याखाली असा पत्रा घालून पाठ बंद करायचे. खड्याला आरसाच लावायचे म्हणा ना. दिव्याच्या उजेडात जुने नीलम पेटल्यासारखे दिसायचे ते त्यामुळे. पण आत पाणी, दूध, चिंच गेली की पत्रा कुजतो, आणि वरून वाटतं खडा काळा पडला. हे महाराजांना पक्कं ठाऊक आहे. बंद पाठ दिसली की सांगायचं देव्हाऱ्यात ठेवा. पुढचं काम तुम्हीच रोज हाताने करता. कुणाच्याही घरात ठेवा, कितीही गुणाची माणसं असू द्या, काळा पडणारच. आणि त्यांचे जागृत नीलम उघड्या पाठीचे, त्यांच्यात कुजायला पत्राच नाही."

"ही बाई नास्तिक आहे," महाराज उठत म्हणाले.

"बसा खाली," गर्दीतल्या प्रयागबाई म्हणाल्या. त्यांच्याही हातात काळी पडलेली नथ होती. "तुमच्या सांगण्यावरनं म्या लेक-जावयाला दिवाळीला बोलावलं न्हाई. बसा जरा."

मग कुणीतरी निळी गादी उचलली. नदीत विसर्जन झालेले दागिने गादीखालच्या डब्यात कोरडे ठणठणीत होते. लोकांनी महाराजांना हात न लावता घेरून ठेवलं आणि पोलिसांना फोन केला. असल्या लोकांसाठी आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे, हे शीलाने तिथेच मोठ्याने सांगितलं.

"हा खडा खरा नीलम आहे की काच, मला अजून माहीत नाही," ती शेवटी म्हणाली, "आणि त्याने काही बिघडतही नाही. सुंदर आहे, हौसेने घाला. पण त्याला घरातल्या माणसांचा निवाडा करायला बसवू नका. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी वस्तू उलटी करून बघा. कसं झालं, ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत घरातल्या कुणाला दोष देऊ नका."

भिमाबाई सुनेपाशी आल्या. त्यांचं तोंड उतरलं होतं. "चल, घरी जाऊ."

"येते की, आत्याबाई," आरती म्हणाली. ती जागची हलली नाही. "पण मला घालवायचं हितंच ठरलं व्हतं, समद्या बाजारासमोर. घरात घ्यायचं बी हितंच सांगा."

संपत काठी टेकत मागे उभा होता. "सांग आई," तो म्हणाला, आणि हे त्याने पहिल्यांदाच आईच्या तोंडावर म्हटलं.

महाराजांचा माइक अजून चालू होता. भिमाबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला. 

"माझ्या सुनंत काय खोट न्हाई," त्या म्हणाल्या. "म्या दगडाला इचारत बसले. तिला कवा इचारलंच न्हाई."