पाच पांढरे, एक तांबडा

इंचीताईला बसवत नव्हतं. बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळूनही दुसऱ्या थांब्याला ती उठून उभी राहिली. शेजारच्या बाईने आधी तिच्याकडे आणि मग सीटकडे संशयाने बघितलं. सीट स्वच्छ होती. भानगड इंचीताईच्या कपड्यांच्या आत होती, आणि ती चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती.

घरीही सकाळी तेच झालं होतं. चहा पिताना ती घडीत या अंगावर, घडीत त्या अंगावर. सासूबाईंनी दोनदा बघून न बघितल्यासारखं केलं, तिसऱ्यांदा काही त्यांच्याने राहवेना.

"काय गं, खुर्चीत पिसवा झाल्यात का?"

"काही नाही हो आई, उकडतंय."

"उकडतंय तर पंख्याखाली बस. नाचतेस कशाला?"

उकडत बिकडत काही नव्हतं. इंचीताईने स्वतःच्या हाताने काढलेल्या डिझाइनची निकर घातली होती, आणि ती टोचत होती. पण हे ती स्वतःशीसुद्धा कबूल करायला तयार नव्हती. नवं कापड आहे, अंगावर रुळेल, ती मनाला सांगत होती. नाहीतर आपलंच वय बोलत असेल. पंचेचाळिशी गाठली की बाईच्या अंगाला काहीही सोसत नाही.

बायकांच्या आतल्या कपड्यांच्या कारखान्यात ती एकोणीस वर्षं कटिंगला होती. गळ्यात सदा इंचटेप, एकदा तर ती तशीच भाचीच्या लग्नात जाऊन बसली होती. तेव्हापासून तिचं नाव इंचीताई पडलं आणि खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं. एकोणीस वर्षं वरून आलेली डिझाइनं ती कापत होती. हे पहिलं तिचं स्वतःचं. मॅनेजर म्हणाला होता, "हे पास झालं आणि खरेदीवाल्या बाईंना पसंत पडलं, तर खिडकीजवळचं डिझाइनचं टेबल तुमचं. नाहीतर कॉलेजातून शिकून आलेला एक डिझायनर आहे, त्याला हो म्हणून टाकतो." त्या टेबलाला स्वतःचा दिवा होता, कुलपाचा खण होता आणि पाठ टेकायची खुर्ची होती. एकोणीस वर्षं पायांवर काढलेल्या बाईला पाठ टेकायच्या खुर्चीचं काय वाटतं, ते उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

आता पास व्हायचं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. फार पूर्वी तिथे एक सुपरवायझर बाई होत्या, डोक्याने तल्लख. त्यांच्या लक्षात आलं, की सँपल घालायला दिलं आणि "कसं आहे?" विचारलं, की सगळ्या बायका माना खाली घालून "छान आहे" म्हणतात. पुरुष मॅनेजरसमोर कुठे टोचतं आणि कुठे ओल धरते, हे सांगणार कोण? म्हणून त्यांनी बायकांच्या मोरीबाहेर पत्र्याची पेटी ठोकली आणि शेजारी दोन रिळं टांगली, एक पांढरं, एक तांबडं. सँपल पाचजणींनी आणि बनवणारणीने घालायचं, दोन दिवस, मध्ये एकदा धुऊन. मग दोऱ्याची गाठ मारून पेटीत टाकायची. पांढरी म्हणजे ठीक, तांबडी म्हणजे नाही. एक जरी तांबडी निघाली तरी सँपल परत. नाव नाही, गाव नाही, कुणी कुणाला विचारायचं नाही. अळीमिळी गुपचिळी. या युक्तीचं सगळ्यांना इतकं कौतुक होतं, की सुपरवायझर बाई गेल्या तरी पेटी राहिली. पाचजणी कोण ते चिठ्ठ्या काढून मावशी ठरवायची. मावशी म्हणजे इलॅस्टिकच्या मशीनवरची सगळ्यांत जुनी बाई. तिच्या तोंडून नाव काढणं म्हणजे दगडातून तेल काढणं.

डिझाइन मात्र झालं होतं नजर लागेल असं. फिकट नारिंगी लेस, मांडीला काचू नये म्हणून कडेला रुंद घेतलेली. कमरेचं इलॅस्टिक मऊ कापडात झाकलेलं. आणि आत सुती अस्तर. या अस्तरावरून इंचीताई मॅनेजरशी आठवडाभर भांडली होती. त्याला नुसती लेस हवी होती. "जिथे घाम आणि ओल, तिथे सुती पाहिजे साहेब," ती म्हणाली होती. "बाई आजारी पडली तर तुमची लेस काय तिला औषध पाजणार आहे?" मॅनेजर अस्तराला कबूल झाला, पण मग त्याला मागच्या बाजूने लेसमधून दिसणारा पांढरा तुकडा खुपायला लागला. ठिगळ लावल्यासारखं दिसतं म्हणे. शेवटी इंचीताईने अस्तर मागून दीड इंच आखूड केलं. पुतळ्यावर चढवलं तेव्हा पॅकिंगच्या बायकासुद्धा हातातलं काम टाकून बघायला आल्या.

आज दुसरा दिवस होता. तीन वाजता पेटी उघडायची, चार वाजता खरेदीवाल्या बाई यायच्या.

कारखान्यात शिरून कटिंगच्या टेबलाशी उभी राहिल्यावर तिला जरा बरं वाटलं. बघ, रुळलं की नाही, तिने स्वतःला बजावलं. पण अकराच्या सुमाराला मॅनेजर आला. "ताई, खरेदीवाल्या बाईंसाठी कार्ड लिहून ठेवा, चार ओळींचं. आणि इथे नको, तिकडे बसून लिहा. सवय व्हायला हवी ना!" असं म्हणून त्याने खिडकीजवळच्या खुर्चीकडे हात केला.

ती बसली. पाठ टेकली. काय सांगू, स्वर्ग! दिवा लावला, खण उघडून बंद केला. मग कार्डावर लिहिलं, "स्वच्छ". त्याच्यापुढे "सुंदर". आणि "सुखद" लिहिताना 'सु' पुरा होतो न होतो तोच मागून अशी चुणचुण उठली, की पेनच घसरलं. ती डावीकडे झुकली. उजवीकडे झुकली. अगदी टोकावर येऊन बसली. अर्ध्या तासात चुणचुणीची खाज झाली आणि खाजेची आग. सहनही होईना आणि खाजवताही येईना, कारण समोर काचेपलीकडे मॅनेजर बसलेला.

काहीतरी बघायला म्हणून तिने मान वळवली. या टेबलावरून शिलाईची सगळी रांग मागून दिसायची. बारा मशीन, बारा पाठी. आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं, की सगळ्या पाठी सारख्या नाहीत. सात पाठी शांत होत्या. मावशीची पाठ डावीकडे कलली, मग उजवीकडे. तिसऱ्या मशीनवरची बाई पाय बदलून बदलून बसत होती. सातवी खुर्चीच्या कडेवर चिमणीसारखी टेकलेली. नववी तासाभरात तिसऱ्यांदा मोरीकडे निघाली. आणि टोकाची धाकटी, तीन महिन्यांपूर्वी लागलेली वीस वर्षांची पोर, पट्टी पाठीशी धरून, कुणी बघत नाही ना असं बघून, हळूच... इंचीताईने नजर काढून घेतली.

पाच. बरोबर पाच.

बसमध्ये टोचलं, चहा पिताना टोचलं, या खुर्चीत टोचलं. कटिंगच्या टेबलाशी टोचलं नाही. कसं टोचेल? तिथे ती उभी असते. एकोणीस वर्षं उभीच आहे. उभ्याने कागद कापला, उभ्याने कापड कापलं आणि ते चढवलं ते उभ्या पुतळ्यावर. आखूड केलेलं अस्तर जिथे संपत होतं, ती शिवण बरोबर बसायच्या जागी आली होती. आणि घालणाऱ्या बायका आठ आठ तास बसणार होत्या.

अस्तर लांब केलं की झालं, हेही तिला त्याच क्षणी कळलं. पण एकदा सँपल पास झालं, की त्यावर शिक्का बसतो आणि हजारो नग टाक्याला टाका तसेच निघतात. मागाहून एक दोरासुद्धा इकडचा तिकडे करता येत नाही.

पेटीपाशी जाऊन ती उभी राहिली. पांढरा टाकावा आणि मोकळं व्हावं. टेबल मिळू दे, पुढचं डिझाइन सुधारू. आणि त्या पाचजणी तांबडा टाकणारच आहेत की! आपण कशाला हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं? तिने पांढऱ्या रिळाला हात घातला, काढला, पुन्हा घातला. मग स्वतःलाच एक शिवी हासडून तांबडा दोरा तोडला, गाठ मारली आणि फटीतून आत ढकलली.

तीन वाजता मॅनेजरने पेटी आणून खिडकीजवळच्या टेबलावर उपडी केली.

पाच पांढऱ्या गाठी. एक तांबडी.

इंचीताई बघतच राहिली. तिने आपल्या डोळ्यांनी पाच पाठी बघितल्या होत्या!

मॅनेजर हसला. "पाचास एक! कुणाच्या तरी पोटात दुखतंय ताई, तुम्हाला टेबल मिळतंय म्हणून." त्याने तांबडी गाठ चिमटीत धरून कचऱ्याच्या टोपलीत टाकली. "हे मी बघितलंच नाही. अभिनंदन!"

झाकली मूठ ती, झाकूनच राहिली असती. मान हलवली असती की संपलं.

"तो दोरा माझा आहे," इंचीताई म्हणाली.

"कुठला?"

"तांबडा. टोपलीत टाकलात तो. टोचतंय मला."

"कुठे?" मॅनेजरच्या तोंडून निघून गेलं, आणि मग बिचाऱ्याचे कान लाल झाले.

एकोणीस वर्षांत हा प्रश्न त्या खोलीत कुणी मोठ्याने विचारला नव्हता, आणि कुणी उत्तरही दिलं नव्हतं. इंचीताईने दिलं. "बुडाखाली, साहेब. अस्तर संपतं तिथली शिवण बसल्यावर बरोबर खाली येते. अर्ध्या तासात खाज, तासाभरात आग. उद्या बायकांची कातडी सोलून निघेल आणि वर त्यात जंतू होतील."

एक एक मशीन थांबलं.

"पण पुतळ्यावर तर..."

"पुतळा बसतो का?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅनेजरने घाम पुसला. "तुम्हाला एकटीला होत असेल. बाकी पाचजणींनी पांढरा टाकलाय."

इंचीताई रांगेकडे वळली. "सकाळपासून तुमच्या पाठी बघतेय मी. सांगा आता. मला काही वाटायचं नाही."

मग मावशीने चष्मा काढून मशीनवर ठेवला. "टोचतंय गं बाई. कालपासून जीव नकोसा झालाय."

"मग पांढरा का टाकलास?"

"तुला टेबल मिळावं म्हणून! किती वर्षं उभी राहशील?" मावशी चिडूनच बोलली. मग तिचा आवाज उतरला. "आणि खरं सांगू? मला वाटलं, माझंच वय झालं. कातडी पातळ झाली असेल."

"मला वाटलं मी जाड झाले," तिसऱ्या मशीनवरची म्हणाली.

सातवी म्हणाली, तिला वाटलं साबण बदलला त्याचं असेल. नववीने नुसती मान हलवली. धाकटी मात्र खाली बघत होती. तशीच ती म्हणाली, "मला वाटलं, मीच नीट धूत नाही. काल तीनदा आंघोळ केली. घासून घासून. आईला सांगायची लाज वाटली."

इंचीताईला भरून आलं. आणि त्याहून जास्त संताप आला, स्वतःचा. शिवण आपली चुकली, आणि ही पोर अंग घासत बसली मोरीत! एकोणीस वर्षांत त्या पेटीतून किती पांढऱ्या गाठी निघाल्या, तिने मोजल्या नव्हत्या. त्यातल्या खऱ्या किती होत्या, कोण जाणे.

चार वाजता मॅनेजरने खरेदीवाल्या बाईंना जुनं साधं सँपल दाखवलं. त्यांनी ते घेतलं, चहा घेतला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणाला, "ताई, टेबलाचं मी त्या डिझायनरला कळवलंय." वाईट वाटलं का? वाटलं तर! खोटं कशाला बोला. घरी जाऊन ती सासूबाईंजवळ ढसाढसा रडली. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता तरी नीट बसवतंय ना?" मग दोघी हसल्या.

दोन दिवसांनी तिने पॅकिंगमधलं एक स्टूल ओढत आणलं आणि कटिंगच्या टेबलाशी बसून नवा साचा कापला. अस्तर मागे थेट कमरेच्या इलॅस्टिकपर्यंत नेलं. सुती कापड त्याच फिकट नारिंगी रंगात रंगवून घेतलं, म्हणजे ठिगळाची बोंब नको. शिवून झाल्यावर ते पहिलं धाकटीच्या हातात दिलं. तिने सवयीने मोरीकडच्या पेटीकडे बघितलं.

"दोरा नको," इंचीताई म्हणाली. "तोंड दिलंय ना? तोंडाने सांग. आणि चूक असली तर ती माझी असणार, तुझी नाही. एवढं लक्षात ठेव."

धाकटीने मान डोलावली, पण ती बोलेल असं कुणाला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मॅनेजर नव्या डिझायनरला कारखाना दाखवत होता. "हे आमचं कटिंग, ही शिलाई..." तो म्हणत होता, आणि एवढ्यात टोकाच्या मशीनवरून धाकटी उठून उभी राहिली. बारा मशीनच्या आवाजावर आवाज काढून ओरडली, "ताई! मागचं टोचायचं थांबलं! पण आता डावीकडे मांडीला काचतंय!"

डिझायनर आपल्या बुटांकडे बघायला लागला. मॅनेजरला ठसका लागला. मावशी हसता हसता मशीनवर पालथी पडली.

इंचीताईने गळ्यातला टेप ओढून काढला आणि स्टूल पुढे सरकवलं.

"ये इकडे. किती वेळ बसल्यावर?"