आठव्या होलचा ओढा

गोल्फच्या मैदानाचे नवे आराखडेकार मिस्टर प्रेंटिस यांनी हिरवळीच्या उतारावर बॉल ठेवला आणि बोटाने हलकेच ढकलला. बॉल घरंगळत निघाला, काठाशी जरासा अडखळला आणि ओढ्यात पडला.

"वा!" ते स्वतःशीच म्हणाले. "इथं थांबता कामा नये. पाण्यानं ओढूनच घेतला पाहिजे."

ओझेला टिब्स काठावर उभी होती. अंगात रविवारचा पांढरा झगा, एक हात भाच्याच्या दंडावर. डेरिक क्लबात गवत राखायच्या कामावर होता. त्यानेच शब्द टाकून तिला आत आणले होते. सोमवारपासून खेळ सुरू होणार, मग बाहेरच्या माणसाला फाटक बंद.

"नुसतं बघायचं हं, आत्या," त्याने गाडीतच बजावले होते. "पाण्यात पाय घालायचा नाही. माझी नोकरी जाईल."

"बघायला डोळे आणलेत की, पोरा. पाय आपले त्यांना पोचवायला आलेत."

या ओढ्याचे वळण तिने लहानपणी पाहिले होते. खेळ सुरू व्हायच्या आत, रविवारी भल्या सकाळी, त्यांच्या चर्चचे बाप्तिस्मे इथे होत; जमिनीच्या जुन्या मालकाने तेवढी मुभा ठेवली होती. रेव्हरंड गेदर्स कमरेइतक्या पाण्यात उभे राहून उपदेश करीत आणि बोलता बोलता गाऊ लागत. आधी साधे शब्द, मग त्यांना ठेका, मग बायबलातल्या यार्देन नदीचे गाणे असे उचलून धरत की काठावरची माणसे तो सूर खाली पडूच देत नसत. थोरली बहीण आयडेला छातीवर हात गुंफून, पाठ त्यांच्या हातावर टाकून त्या सुरातच पाण्याखाली गेली आणि सुरातच वर आली.

ओझेलाच्या बाप्तिस्म्याची वेळ आली त्या वर्षी क्लबाने ओढ्याला बांध घातला. आठव्या होलपुढे तळे हवे होते, त्यात आभाळ दिसायला. ओझेलाचा बाप्तिस्मा चर्चमधल्या फरशीच्या टाकीत झाला. पाणी कोमट होते.

"तुझा बाप्तिस्मा नाही गं झाला," आयडेला म्हणाली होती, "तुझी आंघोळ झाली."

हे ती जन्मभर म्हणत राहिली. भर लग्नात म्हणाली, नातवंडांसमोर म्हणाली. तिकडे तळ्याला दगडी काठ आला, मग पांढऱ्या वाळूचे खड्डे आले. बॉल लांब उडू लागले तशी पहिला फटका मारायची जागा मागे मागे सरकत झाडीत शिरली. जो नवा आराखडेकार येई तो आपली भर घाली, आणि दर वेळी होलचे नाव आणखी मोठे होई. शेवटी सगळ्यांनाच जुन्याची आठवण आली. प्रेंटिसनी बांध फोडला, वळण पुन्हा खणून काढले.

आयडेला मात्र गेल्या हिवाळ्यात गेली. आता ओझेलाला चिडवणारे कुणी उरले नव्हते.

तिने आताच्या पाळकांना विचारून पाहिले होते. "बाप्तिस्मा एकदाच, सिस्टर टिब्स," ते मायेने म्हणाले होते. "टाकीत काय, ओढ्यात काय." तिने मान हलवली होती. खोटे काहीच नव्हते त्यात.

"पहिल्या आराखड्यात होतं तस्संच केलंय, बाई," प्रेंटिस म्हणाले. "वळणासकट."

"पहिला आराखडा कुणाचा म्हणालात?"

"तो बघा, क्लब सुरू झाला तेव्हाचा—"

"त्याच्याही आधीचा विचारतेय मी." तिने हनुवटी जराशी वर आभाळाकडे केली.

प्रेंटिस हसले, टोपीला हात लावला आणि दुसऱ्या अंगाचा उतार बघायला उंचवट्यापलीकडे गेले.

पाण्यात बॉल पांढरा दिसत होता. ओझेलाने बूट काढले, त्यात मोजे घातले आणि बूट नीट जोडीने ठेवले.

"आत्या!"

"साहेबांचा बॉल पडलाय. काढून देते."

"माझ्याकडे जाळी आहे. आत्या, शब्द दिलायस तू—"

ती उतरली होती. पाणी गार होते, इतके की तिचा श्वास "हा!" करून बाहेर पडला, उपदेशाच्या ओळीओळीला रेव्हरंड गेदर्सांचा पडायचा तसा. ती गुडघाभर पाण्यात गेली आणि तिथे थांबली. बॉलकडे तिचे लक्षच नव्हते. ओठ हलत होते. सूर आत कुठेतरी चालू होता. मग तिने दोन्ही हात छातीवर एकमेकांत गुंफले.

डेरिकने मागे वळून पाहिले. उंचवट्यावर कुणी नव्हते. तो बुटांसकट पाण्यात शिरला आणि तिला मागे ओढण्यासाठी त्याने तिच्या पाठीला हात लावला. हाताखाली पाठ थरथरत होती.

"दुसरा हात इथे," ती हळूच म्हणाली आणि त्याचा तळवा आपल्या गुंफलेल्या हातांवर ठेवला.

"मला शब्द येत नाहीत, आत्या."

"मला येतात."

पलीकडून हाक आली. "डेरिक! बॉल मिळाला का?"

बॉल डेरिकच्या बुटापाशी स्वच्छ दिसत होता. त्याने आत्याचे वजन हातावर तोलले.

"अजून नाही, साहेब," त्याने ओरडून सांगितले. "जरा खोल गेलाय."