उजवीकडची गवसणी

टीव्ही मालिकेचे सहा भाग मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहून काढले, जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर, एका महिन्यामागे एक भाग. पहिला भाग म्हणजे अख्खी शिकार, दुर्बिणीतून हरणाचा नर हेरण्यापासून तो आमच्या टांगायच्या खोलीत लटकेपर्यंत. मधल्या भागांत हिवाळ्यातल्या माद्या, वारा, बंदूक आणि मांस असं सगळं होतं. सहावा भाग घोड्याचा. माझा थोरला भाऊ लॅकलन, म्हणजे आमच्या खोऱ्याचा मुख्य शिकारी, त्याने चष्मा लावून सगळं वाचलं आणि पेन्सिलीने एकच रेघ मारली. ती सहाव्या भागावर.

"घोड्यापाशी उभं राहणाऱ्या माणसाला कोण बघणार, एफी?" तो म्हणाला.

घोड्यापाशी उभं राहणारं ते माणूस म्हणजे मी. एकतीस वर्षं मी आमचा तगडा घोडा बिशप आणि त्याच्या आधीचे दोन घोडे घेऊन या डोंगरावर उभी आहे. लॅकलन शिकारीला आलेल्या पाहुण्याला घेऊन रांगत वर जातो, मी खाली ओहोळापाशी पावसात थांबते. नर पडला की तो हेदरची झुडपं पेटवून धूर करतो, धूर दिसला की मी घोडा घेऊन चढते. हल्ली वॉकीटॉकी आहेत, पण लॅकलनचा धुरावर जास्त विश्वास. असो. नाकाला मिरच्या झोंबल्या, पण मी कागद परत घ्यायला हात पुढे केला नाही. तो त्याने घडी घालून खिशात ठेवला.

मालिका मला का करायची होती, तर संतापाने. आमच्याबद्दल जे काही पडद्यावर येतं त्यात आम्ही एकतर खाटीक असतो, नाहीतर साहेबलोकांचे हुजरे. डोंगरावर हरणं वाढली तर झाडाचं एक रोप जगत नाही, आणि भर हिवाळ्यात तीच हरणं उपाशी मरतात, हे कुणी सांगत नाही. इन्व्हरनेसच्या चॅनेलवाल्या बाईला मी हे सगळं फोनवर सुनावलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली की करून दाखवा. अट एकच. पहिला भाग एका दिवसाचा, एका नराचा, सलग हवा. जोडलेलं, रचलेलं काही नको. नरांचा हंगाम वीस ऑक्टोबरला संपतो, तोवर झालं तर सहाही भाग घेऊ, नाहीतर त्या जागी मासेमारीची मालिका तयारच आहे.

तिने ग्लासगोहून रोना नावाची कॅमेरावाली पाठवली, तीन आठवड्यांसाठी. पोरगी चिवट होती, पण पहिल्या दिवशी असं जाकीट घालून आली की पाऊल टाकलं की चिप्सचं पाकीट चुरगळल्यासारखा आवाज. लॅकलनने ते काढायला लावून तिला आमच्या वडिलांचा लोकरी कोट दिला. तिने उडता कॅमेरा बाहेर काढला तेव्हा तो त्याच्याकडे असा बघत राहिला की तिने आपणहूनच तो परत पेटीत ठेवला. एक दिवस धुक्यात गेला. एक दिवस वारा फिरला. एकदा लॅकलनने सुरेख गोळी घातली, पण रोना त्याच वेळी मांडीपर्यंत दलदलीत रुतली होती आणि कॅमेऱ्यात आलं ते फक्त आभाळ. तीन रविवार तसेच गेले, कारण रविवारी आमच्याकडे कुणी बंदूक उचलत नाही. मग एकदा कॅमेऱ्याखालच्या तीन पायांच्या तिकाटण्याचा एक पाय उन्हात चमकला आणि चाळीस माद्यांसकट नर डोंगरापलीकडे गेला.

त्यावर तोडगा मी काढला. वडिलांच्या बंदुकीची जुनी तपकिरी गवसणी माळ्यावर पडून होती. कॅमेरा त्याच्या लांब भिंगासकट आणि तिकाटणं मिटून तिच्यात बरोबर बसलं, वजनही बंदुकीएवढंच. तेव्हापासून बिशपच्या खोगिराला दोन सारख्या गवसण्या लटकू लागल्या. डावीकडे बंदूक, उजवीकडे कॅमेरा. ओहोळापाशी पोचलं की दोन्ही लॅकलनच उचलायचा. पाहुण्याला काही उचलू द्यायचं नाही आणि अगदी शेवटच्या क्षणापर्यंत गवसणी उघडायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. चाळीस वर्षं त्याचा हात तसाच चालत आला आहे.

वीस तारखेला सकाळी आमचं भांडण झालं. मी खोगीर घालत होते आणि रोना छोट्या कॅमेऱ्याने ते टिपत होती. लॅकलन दारातून म्हणाला, "ते कशाला घेतेस पोरी, बॅटरी जपून वापर." मी म्हटलं, एकतीस वर्षांत तुला कधी वाटलं का रे, ही खाली उभी राहून काय करत असेल? तो म्हणाला की सुरू झालं हिचं. त्यानंतर आम्ही एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही. आमच्या घराण्यात अबोला धरला की तो नीट धरतात.

बिशपच्या डाव्या खांद्यावर आदल्या दिवशी कातडं सोललं होतं. बंदुकीचा खटका तिथे टोचला असता, म्हणून मी बंदूक उजवीकडे अडकवली आणि कॅमेरा डावीकडे. भावाला सांगितलं नाही. सांगायचं तर आधी मला बोलावं लागलं असतं.

ओहोळापाशी पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. पश्चिमेचा खणखणीत वारा समोरून येत होता. वरच्या सपाटीवरून नर डुरकल्याचा आवाज येत होता, तोही दोन वेगवेगळ्या घशांतून. लॅकलनने पितळी दुर्बीण गुडघ्यावर टेकून बराच वेळ पाहिलं. मग रोनाला दबक्या आवाजात सांगितलं की वर आडोसा अजिबात नाही, पोटावर सरपटत जायचं आहे, एकच गवसणी ओढता येईल, तू तुझा छोटा कॅमेरा घे. डोळे डोंगरावरच ठेवून त्याने हात मागे केला, डावीकडची गवसणी काढली आणि निघाला. मी बिशपच्या तोंडाशी उभी होते. मी पाहिलंही नाही.

तासाभराने बिशपने अंग झाडलं. उजवीकडची गवसणी सरळ करायला मी हात लावला आणि बोटांना खटका लागला. भाऊ पाऊण मैल वर होता, हंगामाचा शेवटचा दिवस होता, आणि माझी अख्खी मालिका एका कॅमेऱ्याचं तिकाटणं घेऊन नरावर चालून गेली होती.

धूर करून उपयोग नव्हता. धूर म्हणजे वर ये, एवढंच आमच्यात ठरलेलं, आणि तोही मीच बघायचा. वॉकीटॉकी तो सरपटताना बंद ठेवतो. दुर्बीण लावली. दोघं एका उंचवट्याआड पालथे पडून होते आणि पलीकडे नर चक्क बसला होता. बसलेल्या नरावर आम्ही गोळी घालत नाही, तो उठेपर्यंत वाट बघतो. म्हणजे गवसणी अजून उघडलेली नव्हती. म्हणजे थोडा वेळ होता.

लगाम दगडाखाली दाबला आणि बिशपला म्हटलं, उभा राहा. तो उभा राहिला. माझ्या भावाने माझं इतकं कधी ऐकलेलं नाही.

हिवाळ्यात माद्या मीही मारते. परवाना आहे, हात चांगला आहे. माद्यांसाठी पाहुणे येत नाहीत, कारण भिंतीवर टांगायला शिंगं नसतात, म्हणून ते काम घरच्यांवर येतं. पण नराच्या मागे मी कधीच गेले नव्हते. बंदुकीची गवसणी पाठीला अडकवून ओहोळाच्या पाण्यातून वाकून निघाले. मग पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या काळ्या मातीच्या चरांमधून गुडघ्यांवर, आणि शेवटी पोटावर. वय एकसष्ट, उजवा गुडघा कामातून गेलेला, बाहीतून शिरलेलं पाणी थेट पोटापर्यंत. निम्म्या वाटेवर उजवीकडे एक म्हातारी मादी बसलेली दिसली. तिने मान वर करून माझ्याकडेच रोखून पाहिलं. ती इशारा म्हणून एकदा भुंकली असती तर सगळा कळप उधळला असता. मी गाल चिखलात टेकला आणि तशीच पडून राहिले. किती वेळ, देव जाणे. मला रडू आलं, ते थंडीने नाही. इतकी वर्षं खाली उभी राहिले आणि पहिल्यांदा नराच्या मागे वर आले ती ही अशी, असं वाटून आलं. शेवटी तिने कान हलवला आणि रवंथ करू लागली. मी पुन्हा सरकले.

लॅकलनच्या बुटाच्या टाचेला हात लावला तेव्हा त्याने वळून पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. नर उठतोसं वाटून त्याने उघडलेली गवसणी समोर होती, आणि तिच्यातून तिकाटण्याचा एक पाय बाहेर. रोना शेजारी पडून छोट्या कॅमेऱ्याने सगळं टिपत होती. तो पाय बाहेर आला तेव्हाचा त्याचा चेहराही तिने टिपला होता, हे मला नंतर कळलं.

मी बंदूक पुढे सरकवली. काडतुसं त्याच्या खिशात असतात. त्याने ती काढून भरली, आणि मग बंदूक माझ्याकडेच परत ढकलली.

"बंदूक तू आणलीस," तो वाऱ्यात जेमतेम ऐकू येईल असं कुजबुजला. "आज तूच मार."

मी मान हलवून नाही म्हटलं. त्याने बंदूक आणखी पुढे सरकवली आणि आपली दुर्बीण डोळ्याला लावली. मग मी बंदूक धरली.

समोर दोन नर होते. एक भरगच्च, बारा टोकांच्या शिंगांचा, माद्यांचा मालक. रोनाची नजर त्याच्यावर खिळली होती. दुसरा वयस्कर, पाठ खाली गेलेली, ढुंगणाची हाडं दिसणारी, हिवाळा न काढणारा. तोच बसलेला होता. लॅकलनने बोटाने त्याच्याकडे दाखवलं, मला दाखवायची गरज नव्हती. रोनाने गवसणीतून मोठा कॅमेरा अलगद काढून गवतावरच टेकवला. मग आम्ही तिघं वाट बघत पडून राहिलो. बारा टोकांचा डुरकला. म्हाताऱ्याला ते सहन झालं नाही, तो उठला, आडवा वळला, आणि उत्तर द्यायला मान ताणली.

मी श्वास सोडला आणि चाप दाबला.

तो चार पावलं चालला आणि पडला. माद्या उधळल्या आणि डोंगर रिकामा झाला. माझे कान वाजत होते. लॅकलन उठून उभा राहिला, टोपी काढली, आणि एवढा मोठ्याने हसला की तसं हसू मी चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. रोना एकाच वेळी हसत होती आणि नाक पुसत होती. मला तर नाचावंसं वाटत होतं, गुडघा धड असता तर नाचलेही असते.

नराचं पोट साफ करताना लॅकलन थांबला. रक्तात अंगठा बुडवून माझ्यापाशी आला. पहिला नर मारणाऱ्याच्या गालाला रक्त लावतात. मी म्हटलं, अरे, मी दोनशेच्या वर माद्या मारल्यात. तो म्हणाला, "ठाऊक आहे. प्रत्येक मोजलीय मी." आणि दोन्ही गालांवर अंगठा ओढला.

मग सवयीने तो धुरासाठी हेदर गोळा करू लागला. अर्धं गोळा झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की धूर बघायला खाली कुणी नाही. त्याने काड्या टाकल्या, आणि स्वतः घोडा आणायला उतरला. रोना कॅमेरा घेऊन त्याच्या मागे पळाली. मी नरापाशी बसून दुर्बिणीतून माझ्या भावाला बिशपचा लगाम धरून चढताना पाहिलं. बिशप दर दहा पावलांवर थांबत होता आणि लॅकलन त्याच्याशी काहीतरी बोलत होता. विनवण्या असाव्यात.

वर आल्यावर नर खोगिरावर चढवताना त्याने पट्टे हातात घेतले आणि घुटमळला. "आधी कुठला आवळायचा गं?"

"मागचा," मी म्हटलं. "आणि शिंगं वळवून बांध, नाहीतर उतरताना घोड्याच्या कुशीत घुसतील."

त्याने सांगितलं तसं केलं.

घरी रोनाने घाबरत विचारलं की गवसणीचा तो घोळ कापायचा का. लॅकलनने बूट काढता काढता सांगितलं, "झालं तसं दाखव. रचलेलं काही नको, असंच ठरलंय ना?"

दहा दिवसांनी आम्ही तिघं इन्व्हरनेसला चॅनेलच्या बाईसमोर बसलो. लॅकलनने टोपी गुडघ्यांवर धरली होती. पडद्यावर तिकाटण्याचा पाय बाहेर आला तेव्हा ती बाई खुर्चीतून पुढे झुकली, आणि मग शेवटपर्यंत तशीच राहिली. सगळं संपल्यावर तिने एकच प्रश्न विचारला. ही घोडेवाली बाई पुढच्या भागांत आहे का?

मी तोंड उघडणार तोच लॅकलन बोलला. "सहावा भाग अख्खा तिचाच आहे," तो म्हणाला. "पहिल्यापासून लिहिलेलाय." आणि खिशातून तो कॅलेंडरचा कागद काढून त्याने टेबलावर उलगडला.

बाईने वाचला आणि सहाच्या सहा भागांना होकार दिला. मी कागद हातात घेऊन खिडकीशी धरला. सहाव्या भागावर रेघ नव्हती. ती खोडून खोडून तिथला कागद इतका पातळ झाला होता की आरपार उजेड दिसत होता. केव्हा खोडली, हे मी त्याला विचारलं नाही. घरी पोचेपर्यंत गाडीत आम्ही दोघं अखंड बोलत होतो.