बारा सेकंदांचं आवतण

सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी मी एक सिम बंद केलं. मोबाईल कंपनीत फसवणुकीचे नंबर शोधायचं माझं काम. या नंबरवरून दोन तासांत १४३ कॉल गेले होते, प्रत्येक वेगळ्या माणसाला, सरासरी बारा सेकंदांचा. आलेला एकही नाही. यंत्राला टोळीचा संशय आला, मलाही आला. पत्ता नवी पेठेजवळचा निघाला, म्हणून पडताळणीला मीच गेले.

टोळी मांडवात खुर्ची टाकून बसली होती. नाव बजाबाई, वय साठीच्या पुढे, मांडीवर वही, हातात मुका फोन.

"तूच बंद केला व्हय?"

"मावशी, बारा सेकंदांत कोण काय बोलतं?"

"'जावळाच्या जेवणाला या' म्हणायला किती येळ लागतो? तुमच्या हापिसात आवतणाला भाषण करत्यात का?"

नातवाचं जावळ होतं. पत्रिका आठवड्यापूर्वीच गेल्या होत्या, पण जेवणाच्या दिवशी सकाळी आवतण आल्याशिवाय त्यांच्यात कुणी पंगतीला येत नाही. नऊ घरं उरली होती. त्यांत मुलीच्या सासरचं एक.

"त्यास्नी न्हाय गेलं तर पोरगी वरीसभर टोमणे खाईल," बजाबाई म्हणाल्या. या वेळी आवाजात चेष्टा नव्हती.

सिम सुरू व्हायला किमान दोन तास लागणार होते आणि पंगत बाराला बसणार होती. मी माझा फोन काढला. पहिल्या घराने विचारलं, "तू कोण?" दुसऱ्याने सांगितलं, "ओटीपी न्हाय देणार." तिसऱ्याने शिकल्यासवरल्या मुलीला हे धंदे शोभतात का, असं विचारलं. मुलीच्या सासऱ्यांनी, म्हणजे बजाबाईंच्या व्याह्यांनी, तर फोनच ठेवला.

"लई हुशार मान्सं हायत आमची," म्हणत बजाबाईंनी फोन हिसकावला. पुन्हा लावला, स्पीकरवर टाकला.

"आवो पाव्हणं, मी बजाबाई. जेवायला या."

"आवाज तर तसाच हाय. पर हल्ली आवाजबी खोटा काढत्यात म्हणं. खूण सांगा."

मी थक्क झाले. ही शंका आमच्या प्रशिक्षणात शेवटच्या दिवशी आली होती.

"साखरपुड्याला तुमच्या ताटात जिलबी वाढायची ऱ्हायली. तवापास्नं तुमी समद्या गावाला सांगत फिरताय."



"येतो," व्याही म्हणाले. "पर आज दोन वाढा."

बजाबाईंनी फोन परत दिला नाही. वहीत बोट ठेवून पुढचं नाव शोधू लागल्या.